वेळेचा अपूर्णांक आणि बँकेचा दिवस

एटीएममधून रक्कम काढली की हाती येणाऱ्या पावतीवर दिनांक आणि वेळ छापलेली असते. त्याच व्यवहाराची एक नोंद यंत्राच्या स्वतःच्या रोजनाम्यात राहते आणि दुसरी बँकेच्या मध्यवर्ती संगणकात होते. दिवसअखेर या दोन्ही नोंदी एकमेकींसमोर ठेवून त्यांचा ताळमेळ घेतला जातो. आता अशी कल्पना करू या, की दोन्ही ठिकाणी १४ वाजून ३५ मिनिटे २७ सेकंद हीच वेळ पडद्यावर दिसते आहे, रक्कम तीच आहे, कार्डही तेच आहे. तरीसुद्धा ताळमेळ घेणारी संगणकीय आज्ञावली दोन्ही नोंदींवर ‘जुळत नाही’ असा शेरा मारते. कर्मचारी चष्मा पुसून पुन्हा पाहतो. त्याला फरक काही दिसत नाही.

फरक असतो, परंतु तो छापलेला नसतो. यंत्राने वेळ केवळ सेकंदापर्यंत नोंदवलेली असते. मध्यवर्ती संगणकाने २७ सेकंद आणि त्यावर ४८५ मिलिसेकंद अशी नोंद केलेली असते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पडद्यावर किंवा कागदावर आणताना हा शेपटाचा भाग गाळला जातो. तुलना करताना मात्र संगणक तो गाळत नाही. त्याच्या लेखी २७ आणि २७.४८५ या दोन भिन्न संख्या आहेत, आणि त्याचे त्यात काही चुकतही नाही. या दोन संख्या आपल्या कामापुरत्या सारख्या मानाव्यात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

बँकेत न जुळलेल्या नोंदीचा अर्थ किरकोळ नसतो. एका बाजूला रक्कम अधिक दिसते, दुसऱ्या बाजूला कमी. ज्याच्या खात्यात रक्कम नावे पडली पण यंत्रातून पैसे मात्र आले नाहीत, अशा ग्राहकाची तक्रार खरी की खोटी, हे याच ताळमेळावरून ठरते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अशी फसलेली एटीएम रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत परत करण्याचे व त्यापुढे विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचे बंधन घातले. हजारो खोट्या ‘न जुळलेल्या’ नोंदींच्या ढिगात खरी न जुळलेली नोंद दडून बसली, तर ग्राहकाचे पैसे अडकतात आणि बँकेला भुर्दंड पडतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा विचार एवढ्यासाठी करावयाचा.

संगणकाची मापे

संगणकाला घड्याळाचे काटे ठाऊक नाहीत. तो एका ठरलेल्या आरंभबिंदूपासून किती काळ लोटला, एवढेच मोजत राहतो. युनिक्स आणि तिच्या परंपरेतील प्रणालींमध्ये हा आरंभबिंदू १ जानेवारी १९७० ची जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडील पहाटेचे साडेपाच, असा आहे. तेथून पुढचे सेकंद मोजले जातात. विंडोज प्रणाली आपल्या फायलींची वेळ १६०१ सालापासून आणि सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजते. स्प्रेडशीटमध्ये तर दिवस हेच एकक असते: दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५.

खरी अडचण मापांच्या बारकाईत आहे. ओरॅकल डेटाबेसमधील ‘डेट’ हा प्रकार सेकंदापर्यंतच वेळ साठवतो. पोस्टग्रेस मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, जपतो. एसक्यूएल सर्व्हरमधील जुन्या ‘डेटटाइम’ प्रकाराचे माप सेकंदाच्या तीनशेव्या भागाचे आहे. त्यामुळे त्यात साठवलेल्या मिलिसेकंदांचा शेवटचा अंक नेहमी ०, ३ किंवा ७ असतो. आपल्या उदाहरणातील ४८५ मिलिसेकंद तेथे गेले की ४८७ होऊन परत येतात. एटीएमचे संदेश ज्या आयएसओ ८५८३ या प्रमाणानुसार धावतात, त्याच्या १९८७ च्या आवृत्तीत स्थानिक वेळेसाठी केवळ सहा अंकांची जागा आहे: दोन तासांचे, दोन मिनिटांचे, दोन सेकंदांचे. अपूर्णांकाला तेथे जागाच नाही. गंमत अशी, की त्याच संदेशातील दिनांकासाठी चार अंक आहेत, महिना आणि दिवस, वर्ष नाहीच. ३१ डिसेंबरच्या रात्री निघालेला आणि १ जानेवारीला पोहोचलेला संदेश कोणत्या वर्षाचा, हे प्राप्तकर्त्या संगणकाने स्वतःच्या अकलेने ठरवावयाचे असते.

जुन्या काळी धान्य पायलीने मोजून दिले आणि घेणाऱ्याने ते चिपट्याने मोजून घेतले, तर मूठ-दोन मुठींचा फरक हमखास निघे. त्यात लबाडी असेच असे नाही. वेळेचेही तसेच आहे. एकच क्षण तीन यंत्रांतून फिरला की तीन मापांनी मोजला जातो आणि त्याची शेपटी प्रत्येक वेळी थोडी वेगळी होते.

स्प्रेडशीटवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खोच आहे. एक भागिले तीन ही संख्या आपल्या दशमान पद्धतीत जशी कधीच पूर्ण लिहिता येत नाही, तसा एका तासाचा, म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग, संगणकाच्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. सहा तास नेमके साठवता येतात, कारण ते पाव दिवस आहेत. एक तास मात्र नाही. त्यामुळे सकाळी नऊ ही वेळ थेट टंकलेली असेल आणि दुसऱ्या ठिकाणी ती दहा-दहा मिनिटांच्या बेरजा करीत आलेली असेल, तर शेवटच्या एखाद्या दशांशस्थळी त्या दोहोंत फरक पडू शकतो. कार्यालयात असे तक्ते रोज तयार होतात. वेळेच्या दोन रकान्यांत ‘बरोबर आहे का?’ असे सूत्र घालण्यापूर्वी दोन्ही रकाने सेकंदांत किंवा मिनिटांत पूर्णांकित करून घ्यावेत, एवढी एक सवय पुष्कळ मनस्ताप वाचवते.

आज्ञावली लिहिण्याच्या भाषांतही या बाबतीत विसंगती आहेत. जावामध्ये ‘डेट’ आणि त्याचाच विस्तार असलेला ‘टाइमस्टॅम्प’ अशा दोन प्रकारच्या वस्तू आहेत. पहिलीला विचारले की ‘तू दुसरीइतकी आहेस का?’ तर ती ‘होय’ म्हणू शकते. आणि तोच प्रश्न दुसरीला उलट विचारला तर उत्तर ‘नाही’ येते. हे वर्तन भाषेच्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद आहे, म्हणून त्याला चूकही म्हणता येत नाही.

छाटणे आणि पूर्णांकित करणे

सर्वांत सरळ उपाय म्हणजे तुलना करण्यापूर्वी दोन्ही वेळांचा अपूर्णांक छाटून टाकणे. २७.४८५ चे २७ होतात आणि नोंदी जुळतात. पुष्कळशी कामे एवढ्याने भागतात, आणि जेथे भागतात तेथे अधिक खोलात जाण्याचे कारण नाही. परंतु छाटणीला एक कडा असते. २७.९९९ आणि २८.००१ या दोन वेळांत केवळ दोन मिलिसेकंदांचे अंतर आहे, तरी छाटल्यावर त्या २७ आणि २८ म्हणून वेगळ्या ठरतात. उलट २७.००१ आणि २७.९९८ यांच्यात जवळजवळ एक सेकंदाचे अंतर असूनही त्या एक ठरतात.

मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. आपल्या पंचांगात सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी मानतात. तिथी बदलते ती दिवसात केव्हाही, घटिका आणि पळे मोजून. दिवसाला नाव देताना मात्र हा सारा अपूर्णांक छाटला जातो. त्याचा परिणाम असा होतो, की एखादी तिथी सूर्योदयानंतर लागून दुसऱ्या सूर्योदयापूर्वीच संपली, तर ती कोणत्याच दिवसाच्या वाट्याला येत नाही. तिला आपण क्षयतिथी म्हणतो. एखादी तिथी दोन सूर्योदयांना स्पर्श करते, ती वृद्धितिथी. आणि संकष्टीला मात्र सूर्योदय सोडून चंद्रोदय पाहावा लागतो. पंचांगकर्त्यांनी छाटणीची कडा कामाप्रमाणे बदलली आहे, ही गोष्ट आज्ञावली लिहिणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी अशी आहे.

कडेचा त्रास टाळण्यासाठी काही जण छाटण्याऐवजी पूर्णांकित करतात: अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर खाली, अर्धा किंवा अधिक असेल तर वर. याने कडा नाहीशी होत नाही, ती फक्त अर्ध्या सेकंदावर सरकते. शिवाय एक नवा दोष शिरतो. पूर्णांकित केलेली वेळ प्रत्यक्ष घटनेच्या पुढे जाऊ शकते. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये अपूर्णांकाची जागा नसलेल्या रकान्यात ३१ डिसेंबर २०१८, २३ वाजून ५९ मिनिटे ५९.७ सेकंद ही वेळ घातली, की ती प्रचलित मांडणीत २०१९ सालची पहिली मध्यरात्र म्हणून साठवली जाते. तीन दशांश सेकंदांनी वर्ष बदलते.

हे केवळ कुतूहलाचे उदाहरण नव्हे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच आपले पीपीएफ खाते, घ्या. या योजनेत महिन्याच्या पाच तारखेची अखेर आणि महिनाअखेर यांदरम्यानच्या किमान शिलकेवर त्या महिन्याचे व्याज मिळते. एखाद्या खातेदाराने ५ एप्रिलच्या रात्री अगदी शेवटच्या सेकंदाला इंटरनेट बँकिंगद्वारे १,५०,००० रुपये भरले आणि कोठेतरी वेळ पूर्णांकित होऊन ती ६ एप्रिल झाली, तर एप्रिल महिन्याचे व्याज त्या रकमेवर मिळणार नाही. एप्रिल २०२० मध्ये ठरलेला साल शेकडा ७.१ हा दर धरला, तर ही रक्कम ८८७ रुपये ५० पैसे होते. म्हणून बँकिंगमध्ये एक दंडक पाळणे इष्ट: वेळ छाटावी लागली तर खाली छाटावी, वर कधीही नेऊ नये. घडलेली घटना घडण्याआधीच्या क्षणी नोंदली गेली तर एक वेळ चालेल. न आलेल्या उद्यात ती नोंदली जाणे चालणार नाही.

अंतराची मुभा

दुसरा उपाय छाटणीहून अधिक न्याय्य आहे. दोन वेळा वजा कराव्यात, फरकाचे चिन्ह सोडून द्यावे, आणि उरलेले अंतर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर त्या सारख्या मानाव्यात. यात २७.९९९ आणि २८.००१ निमूटपणे जुळतात. चिन्ह सोडून देण्याची पायरी विसरली, तर मात्र घोटाळा होतो. पहिली वेळ दुसरीच्या आधीची असेल तेव्हा फरक ऋण येतो, ऋण संख्या कोणत्याही धन मर्यादेपेक्षा लहानच असते, आणि मग कालची नोंदही आजच्या नोंदीशी ‘जुळते’.

मर्यादा किती ठेवावी? यंत्रांच्या घड्याळांत आणि मापांत जो फरक स्वाभाविक आहे त्याहून ती मोठी हवी, आणि दोन खऱ्या स्वतंत्र व्यवहारांत जे कमीत कमी अंतर संभवते त्याहून लहान हवी. पहिली गोष्ट मोजून काढता येते. दुसरीबाबत मात्र खात्री देता येत नाही. चहाच्या टपरीवर एकाच फोनवरून दोन मित्रांसाठी वीस-वीस रुपये लागोपाठ दिले जातात. त्याच वेळी दुसऱ्या कोणाचा पडदा अडकतो आणि तो एकच देयक देण्यासाठी दोनदा बोट दाबतो. वेळ आणि रक्कम एवढ्यावरून पाहिले तर ही दोन्ही दृश्ये एकसारखीच दिसतात. पहिल्यात एक नोंद पुनरावृत्ती समजून रद्द केली तर टपरीवाल्याचे नुकसान. दुसऱ्यात दोन्ही स्वीकारल्या तर ग्राहकाचे.

मुभेच्या पद्धतीत आणखी एक दोष आहे, तो सहसा उशिरा लक्षात येतो. मर्यादा एक सेकंद असताना पहिली नोंद दुसरीशी जुळते, दुसरी तिसरीशी जुळते, परंतु पहिली आणि तिसरी यांच्यातील अंतर दीड सेकंद असल्यामुळे त्या जुळत नाहीत. गणितातील समानतेचा हा नियम नव्हे. त्यामुळे अशा ‘जवळजवळ समान’ वेळांच्या आधारे नोंदींचे गट पाडू लागलो, तर एक तर साखळी लांबतच जाते, नाही तर कोणत्या नोंदीपासून आरंभ केला यावर उत्तर बदलते. नोंदींचे गट पाडण्यासाठी किंवा क्रम लावण्यासाठी छाटणीच बरी; मुभा वापरावी ती फक्त दोन विवक्षित नोंदी ताडून पाहण्यासाठी.

खरे पाहता वेळ ही व्यवहाराची ओळख नव्हेच, ती फक्त साक्ष आहे. ओळख म्हणून प्रत्येक व्यवहाराला संदर्भ क्रमांक दिलेला असतो. एनईएफटीचा सोळा चिन्हांचा, आरटीजीएसचा बावीस चिन्हांचा, यूपीआय आणि आयएमपीएसचा बारा अंकी. ताळमेळ आधी या क्रमांकावर घ्यावा आणि वेळेकडे नंतर वळावे. ग्राहकांनीही तक्रार नोंदवताना ‘दुपारी अडीचच्या सुमारास’ एवढेच न सांगता हा क्रमांक दिला, तर शोध पुष्कळ सोपा होतो.

घड्याळेच एकमेकांशी जुळत नसतील, तर मिलिसेकंदांची चर्चा अर्थातच व्यर्थ आहे. भारतीय प्रमाणवेळ जपण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने दिलेल्या निर्देशांत संगणक प्रणालींची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवून ठेवण्यास सांगण्यात आले. वेळेची शिस्त एवढी कडक असूनही निसर्ग मधूनच खोडी काढतो. पृथ्वीच्या मंद फिरण्याची भरपाई म्हणून २०१६ च्या अखेरीस एक लीप सेकंद वाढवण्यात आला. त्यामुळे १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे भारतात ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर त्याच मिनिटाचा साठावा सेकंद आला आणि मग साडेपाच वाजले. सेकंदांचा अंक ५९ च्या पुढे जाऊच शकत नाही, असे गृहीत धरून लिहिलेल्या आज्ञावलींनी त्या क्षणाचे काय करावे? वजने आणि मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ही प्रथा २०३५ पर्यंत थांबवण्याच्या दृष्टीने ठराव केला आहे.

दिवस कोठे संपतो

सेकंद छाटण्यापेक्षा दिवसापर्यंत छाटण्याचे प्रसंग बँकेत अधिक येतात. ‘मार्च महिन्यातील सर्व व्यवहार दाखवा’ ही रोजची मागणी. नवखा आज्ञावलीकार ‘१ मार्च ते ३१ मार्च’ अशी अट घालतो. रकान्यात दिनांकासोबत वेळही साठवलेली असेल, तर संगणक ‘३१ मार्च’ याचा अर्थ ३१ मार्चची सुरुवातीची मध्यरात्र असा घेतो आणि त्या दिवसाचे जवळजवळ सगळे व्यवहार अहवालातून गळतात. गळण्यासाठी आर्थिक वर्षात याहून वाईट दिवस नाही! करसवलतीसाठी ऐनवेळी भरलेल्या रकमा त्याच दिवशी येतात.

चूक ध्यानात आल्यावर तो वरची मर्यादा २३ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद अशी करतो. आता शेवटच्या सेकंदातील अपूर्णांक गळतात. मग तो ९९९ मिलिसेकंद जोडतो. आणि मघाशी सांगितलेल्या एसक्यूएल सर्व्हरच्या ‘डेटटाइम’ मापात ९९९ मिलिसेकंदांना जागा नसल्यामुळे ती वेळ वर सरकून १ एप्रिलची मध्यरात्र होते. बरोबर बाराच्या ठोक्याला नोंदलेली पुढील आर्थिक वर्षाची एखादी नोंद जुन्या वर्षात येऊन बसते. शेवटचा क्षण कोणता, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. कारण त्याचे उत्तर मापागणिक बदलते. पहिला क्षण मात्र सर्व मापांत एकच असतो. म्हणून अट अशी लिहावी: १ मार्चच्या मध्यरात्रीपासून, ती धरून, १ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या अगोदरपर्यंत, ती सोडून. यात अपूर्णांक कितीही बारीक असला तरी तो आपोआप योग्य कप्प्यात पडतो.

या पद्धतीचा दुसरा लाभ वेगाचा आहे. ‘प्रत्येक नोंदीची वेळ छाट आणि मग तुलना कर’ असे सांगितले, तर डेटाबेसला बहुधा सगळ्या नोंदी एकेक करून उघडाव्या लागतात. वेळेनुसार लावून ठेवलेली अनुक्रमणिका निरुपयोगी होते. दूरध्वनी पुस्तिकेत आडनावे अकारविल्हे असताना ‘ज्यांच्या आडनावाचे शेवटचे अक्षर काढल्यावर अमुक उरते’ असे शोधण्यासारखेच ते आहे. कोट्यवधी नोंदींच्या तक्त्यावर दिवसअखेरीचे काम रखडण्याचे हे एक नेहमीचे कारण होय.

दिवसाची कडा कोणत्या देशाच्या मध्यरात्री धरावयाची, हेही ठरवावे लागते. पुष्कळ प्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद, पुढे आहे. आधी छाटून मग भारतीय वेळेत आणले, तर दिवस मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला बदलतो, आणि १ एप्रिलला रात्री दोन वाजता पाठवलेली रक्कम ३१ मार्चच्या खाती पडते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू झाल्यानंतर रात्रीच्या या साडेपाच तासांना पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले आहे. आधी भारतीय वेळेत आणावे, मग छाटावे. सेकंद किंवा मिनिटे छाटताना हा क्रम चुकला तरी बिघडत नाही. तास छाटताना मात्र बिघडते, कारण आपला फरक पूर्ण तासांचा नाही.

आधी छाटा, मग वजा करा

क्रमाचाच प्रश्न मुदत ठेवीत अधिक तीव्रतेने पुढे येतो. समजा, एका ग्राहकाने २ जानेवारी २०२५ रोजी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी ९१ दिवसांची ठेव ठेवली. ती ३ एप्रिल २०२५ रोजी परिपक्व होते. ग्राहक त्या दिवशी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी शाखेत येतो. संगणकाने दोन पूर्ण वेळा वजा केल्या तर उत्तर येते ९० दिवस, १९ तास आणि ३० मिनिटे. त्यातील अपूर्णांक छाटला की उरतात ९० दिवस. म्हणजे ठेव मुदतपूर्व मोडली, असा निष्कर्ष! व्याजाचा एक दिवस तर जातोच, शिवाय दर बदलण्याची किंवा दंड लागण्याची पाळी येते. त्याऐवजी आधी दोन्ही वेळांचे दिवस करून घेतले आणि मग वजाबाकी केली, तर नेमके ९१ येतात. क्रिया त्याच दोन, क्रम फक्त उलटा.

यात दुसरा क्रमच न्याय्य आहे, याला कायद्याचाही आधार आहे. कायदा सर्वसाधारणपणे दिवसाचे तुकडे मोजत नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ याच्या कलम ९ प्रमाणे केंद्रीय अधिनियमांत ‘पासून’ या शब्दाने पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’ या शब्दाने शेवटचा दिवस धरला जातो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ यातही हुंडीची मुदत मोजताना तिच्या दिनांकाचा दिवस वगळण्याची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाविषयी काढलेल्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांची जी मर्यादा घातली, तीही बँकेकडून सूचना मिळाल्याचा दिवस सोडूनच मोजावयाची होती. सूचनेचा संदेश सकाळी नऊला आला की रात्री अकराला, यावर ग्राहकाचा हक्क अवलंबून राहू नये, हा त्यामागील स्पष्ट हेतू.

बचत खात्याचे व्याजही याच न्यायाने चालते. ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळत असे. १ एप्रिल २०१० पासून ते दररोजच्या शिलकेवर मोजले जाऊ लागले. पूर्वी छाटणीचे माप महिना होते, आता ते दिवस झाले. सकाळी अकराला भरलेली रक्कम आणि दुपारी चारला भरलेली रक्कम यांत मात्र अजूनही भेद केला जात नाही, आणि तो केला जावा अशी मागणीही कोणी केलेली ऐकिवात नाही.

याचा अर्थ अपूर्णांक साठवूच नयेत, असा कोणी घेऊ नये. एकाच सेकंदात खात्यात रक्कम जमा झाली आणि धनादेशही आला, तर आधी काय घडले यावर धनादेश वटतो की परत जातो हे ठरू शकते. तेथे मिलिसेकंद मोलाचे आहेत. घोटाळ्याचा तपास करणाऱ्यांनाही पूर्ण वेळ हवी असते. साठवताना यंत्र देईल तेवढी वेळ पूर्ण साठवावी आणि तुलनेच्या प्रसंगी, त्या प्रसंगाला लागेल तेवढीच, छाटावी. एकदा छाटून साठवलेली वेळ परत आणता येत नाही.

राहता राहिली जन्मतारीख. तिला वेळ नसतेच, तरी अनेक प्रणाली ती ‘त्या दिवसाची मध्यरात्र’ अशा क्षणाच्या रूपात साठवतात आणि अडचण ओढवून घेतात. १९७० पूर्वीचे क्षण युनिक्स पद्धतीत ऋण संख्या होतात. ३१ डिसेंबर १९६९ ची दुपार म्हणजे उणे अर्धा दिवस. पुष्कळ भाषांत पूर्णांक भागाकार शून्याकडे छाटतो, म्हणून त्याचे उत्तर शून्य, अर्थात १ जानेवारी १९७० असे येते. छाटणी नेहमी खालच्या पूर्णांकाकडे करावी, हा दंडक येथेही उपयोगी पडतो. दुसरी अडचण इतिहासातील आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताची घड्याळे एक तास पुढे, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेसहा तास पुढे होती. १० जून १९४३ रोजी जन्मलेल्या आजींची जन्मतारीख ज्या प्रणालीला हा इतिहास ठाऊक आहे तिने मध्यरात्र म्हणून साठवली आणि ज्या प्रणालीला तो ठाऊक नाही तिने साडेपाच तासांच्या हिशेबाने वाचली, तर ती ९ जूनच्या रात्री अकराची वेळ निघते. पडद्यावर केवळ दिनांक दिसत असल्यामुळे तेथे ९ जून उमटते आणि ओळखपत्रावरील जन्मतारखेशी ती जुळत नाही. अशा वेळी ज्येष्ठ खातेदाराकडे नवा दाखला मागण्यापूर्वी शाखेने ही शक्यता तपासून पाहावी. फरक नेमका एका दिवसाचा आणि जन्म त्या तीन वर्षांतील असेल, तर कागद बहुधा बरोबर असतो.